बहिणीसाठी घेतलेले चाकू

“तुमी उपाशी आहा, म्याडम. बसा पयले.”

शाळेत रुजू होऊन मला दहा मिनिटंही झाली नव्हती. एका ठेंगण्या, सावळ्या बाईनं माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि निकाल दिला. मी म्हटलं, घरून जेवून निघालेय. साफ खोटं. तिनं ऐकून घेतलं आणि खिचडीचं ताट आणून हजेरीपटावरच ठेवलं.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. ही आमच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवायची, सगळे तिला मावशी म्हणायचे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून आत, धानाच्या बांध्यांमधली शाळा, पट साठेक मुलांचा. रोज रांगेतल्या प्रत्येक पोराची हनुवटी अशीच वर व्हायची. तपासणीला साहेब आले तर तिचा नाइलाज व्हायचा, मग ती त्यांना दुरूनच न्याहाळायची आणि माझ्या कानात सांगायची, “ह्यो बी उपाशी हाय.” बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, मी भाड्याच्या खोलीत एकटी. मावशी पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर पेज घेऊन आली. मी पिऊन संपवेपर्यंत दारात बसून राहायची, कारण मी ती ओतून टाकते असा तिला संशय होता. एकदा टाकली होतीच म्हणा. बरी झाल्यावर मी लुगडं दिलं, तर तिनं ते परत आणून माझ्याच खाटेवर ठेवलं. “कायले? पेज काय इकत देली का?” या बाईचे उपकार फेडायची सोयच नव्हती.

आता मुद्द्याचं सांगते. तीन-चार वर्षांत तिचे गुडघे गेले. शेगडी ओट्यावर होती, त्यामुळे शिजवायला ती उभी राहू शकत होती. पण भाजी ती जन्मभर पावशीवर चिरत आलेली, म्हणजे आपली विळीच. तिच्यावर बसणं जमायचं, उठणं जमेना. सातवीच्या दोन पोरी रोज तिला बगलेत धरून उठवायच्या. ते शाळा समितीच्या अध्यक्षांनी पाहिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाईला आता आराम देऊ, दिवाळीनंतरच्या बैठकीत दुसरी बाई पाहू.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. “आराम म्हनजे हाकलनंच झालं, म्याडम. मी थकली का नाही, हे मी सांगीन. त्याहीनं काऊन सांगावं?”

मग मला सुचलं की उभ्यानं चिरता आलं तर प्रश्नच मिटतो. वर्गातलं जुनं टेबल होतं, चाकू हवे होते. पण मी दिले असते तर ते लुगड्यासारखे परत आले असते. शिवाय मला चाकूंतलं काही कळत नाही. माझ्या घरच्या चाकूनं टमाटर कापला जात नाही, फुटतो. म्हणून मी थाप मारली. बहिणीला चाकूंचा सेट द्यायचाय, स्वस्त आणि मस्त हवा, तुम्ही चला निवडायला.

गोंदियाच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात दुकानदारानं आधी रंगीबेरंगी सहा चाकूंचा स्टँड पुढे केला. “ये सबसे ज्यादा चलता है, बहनजी.” मला तो आवडलाही होता, किंमतही परवडणारी. मावशीनं माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, काउंटरवरच हात ओला केला आणि त्यातल्या एका चाकूची मूठ धरली. मूठ सर्रकन फिरली. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मखमली खोक्यातला महागडा सेट तिनं उचलला आणि जड आहे, मनगट दुखेल म्हणून ठेवून दिला. भाजी चिरणाऱ्या बाईचा हात कधी कोरडा असतो का, असं ती त्याला ऐकवत होती.

मग माझ्याकडे वळली. बहिणीच्या घरी माणसं किती? मी म्हटलं, पुष्कळ, मोठं कुटुंब आहे.

“आन् हात केवढा हाय तिचा?”

“तुमच्याएवढाच,” मी म्हटलं.

तिनं आपला पंजा उघडून पाहिला, आणि त्या मापानं तीन चाकूंचा एक सेट निवडला. लाकडी मूठ, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, किंमत माझ्या आवाक्यातली. तीही तिनं भांडून आणखी खाली आणली.

परतीच्या एसटीत मी खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि खरं सांगितलं. उतरल्यावर ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर एकच लहान चाकू घेतला असता. मी म्हटलं, म्हणूनच नाही सांगितलं. ती रागावलेलीच होती, पण खोकं मात्र तिनं पदराखाली घेतलं.

खरी पंचाईत पुढेच होती. पावशीवर पातं जागचं हलत नाही, भाजी फिरवायची असते. चाकूचं सगळं उलट. साठी उलटलेल्या हातांना ते कसं कळावं? पहिल्याच दिवशी बोट कापलं. दिवाळीच्या सुटीत ती घरी कोहळ्यांवर, म्हणजे लाल भोपळ्यांवर, हात बसवत राहिली. पण एवढ्या कोहळ्यांचं करायचं काय? तिच्या गल्लीनं आठ दिवस कोहळ्याची भाजी खाल्ली. अध्यक्षांचं घरही त्याच गल्लीत.

शाळा उघडली त्या दिवशी अध्यक्ष स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मावशी टेबलाशी उभी राहून आलू चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

“जमते का, बाई?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या घरी आठ दिस कोनं चिरलेलं खाल्लं?”

ते हसले आणि गेले. बैठकीत तो विषय निघालाच नाही.

पुढे तीन वर्षं तिनं त्या टेबलाशी उभं राहून आमच्या मुलांना जेवू घातलं. मग एका सोमवारी स्वयंपाक आटोपून, हात पुसत माझ्या वर्गात आली. म्हणाली, आता मात्र मी थकली, अर्ज लिहा. मी लिहिला. वाचून दाखवताना ‘मी स्वतः काम सोडत आहे’ इथे तिनं मला थांबवलं.

“तेच्याखाली रेघ मारा.”

मी ‘स्वतः’खाली रेघ मारली. तिचं समाधान झालं नाही. पेन मागून घेतलं, खाली आणखी एक रेघ ओढली, आणि एकेक अक्षर जुळवत आपली सही केली.

ती वारली त्याला आता दीड वर्ष होतंय. मला तिनं जगवलं, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तिनं म्हणू दिलं नसतं. तो अर्ज शाळेच्या फायलीत आहे. दोन रेघांतली वरची, पट्टी लावून मारलेली, माझी आहे. खालची वाकडी, कागद फाटेस्तोवर दाबून ओढलेली, तिची.