केकसाठी बाहेर काढलेली बाटली

कोडोलीजवळच्या आमच्या गावात कोंबड्यांना लस देणारी मी पहिली बाई. पंचायतीत तीन दिवस शिकून आले आणि भिशीतल्या बायकांच्या मागेच लागले. डालग्याखाली पिल्लं कोंडू नका, भाताचं तूस पसरा, वर बल्ब लावा, सातव्या दिवशी डोळ्यात लसीचा थेंब घाला. बायका हसल्या, पण त्यांनी ऐकलं.

लस थंडच ठेवावी लागते, नाहीतर तिचा गुण जातो. फ्रीज होता धाकट्या जावेकडे, भिंतीपलीकडच्या घरात. "ठेव की अक्का, त्यात काय इचारायचं!" म्हणाली. बाटली आणून तिच्या हातात दिली. दोन दिवसांनी दारोदार फिरून पिल्लांच्या डोळ्यांत थेंब घातले.

महिन्याभरात, जिच्यासाठी लस दिली होती, तीच मानमोडी आली. पिल्लं माना वाकड्या करून गोल फिरायची आणि पडायची. माझीही गेली. बायका दारात आल्या. "तुज्या थेंबानंच मेली," एक म्हणाली. मी जावेकडे बघितलं. लस मी कशी जपायला सांगितली होती, ते तिला ठाऊक होतं. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मी पयल्यापास्नं सांगत हुते अक्काला, असलं काय करू नगंस म्हणून."

माझंच काही चुकलं असेल, असं धरून बसले. शिकवणाऱ्या डॉक्टरांना दोनदा फोन केला. "बाटली बाहेर राहिली होती का?" त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणाले.

दिवाळीत सासूबाई सहज बोलून गेल्या. "धाकटीच्या लेकाच्या वाढदिवसाचा केक फ्रिजात मावंना, म्हणून तिनं तुजी बाटली काढलेली की. दिसभर फडताळात हुती."

"आत्ती, तुम्हाला ठाऊक हुतं?"

"घरातलं भाईर कशाला काढायचं?"

बायका मला बोलत होत्या तेव्हा सासूबाई तिथंच, दाराच्या आत उभ्या होत्या.

जावेला विचारलं. तिनं पोळी उलटली. "एका दिसानं काय हुतंय, असं वाटलं."

"आन् त्या दिवशी बायकांफुडं?"

तिनं ती पोळी काढली आणि दुसरी तव्यावर टाकली.

मी घरोघर जाऊन झालं ते सांगितलं. निम्म्या जणींनी मानलं. बाकीच्या म्हणाल्या, जावाजावांची भांडणं आमच्यात आणू नकोस. आता मी लस दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात आणते, त्याच दिवशी संपवते. पाच घरं परत आली.

परवा जाऊ नवी पिल्लं घेऊन दारात आली. मी एकेकाच्या डोळ्यात थेंब घातला. पिल्लांचा दोष नव्हता. तिनं चहाला बोलावलं. मी गेले नाही.