अक्काताईच्या गावचा सत्कार

करिष्मा कविता करते हे आधी बाहेरगावी कळलं आणि मग सीमेवरच्या आमच्या वडगावातल्या गल्लीला. पेपरात तिचा फोटो आला तेव्हा शेजारपाजारचे तिच्या वडिलांना, तम्मण्णांना विचारायला आले, "तुमचीच काय हो ही?" तम्मण्णांनी आधी माग बंद केला, कारण त्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, मग प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि नुसती मान हलवली. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. लेकीच्या नावाखाली काय छापलंय हे त्यांनी बायकोकडून वाचून घेतलं.

तम्मण्णा कन्नड, पिढीजात विणकर. बायको अक्काताई मराठी, निपाणीच्या बाजूची. कोगनोळीच्या नाक्याजवळ हायवे सोडून थोडं आत गेलं की तिचं गाव लागतं. लग्नाआधी वडगावातल्या आजारी मावशीची सेवा करायला ती आली होती. रिकामी कशाला बसायचं म्हणून तम्मण्णांच्या घरी कांड्या भरायला जाऊ लागली. रहाटावर बसून सूत कांडीवर गुंडाळायचं आणि भरलेली कांडी मागावर नेऊन द्यायची. तिला कन्नड येत नव्हतं, त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, तरी दोघांनी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. माहेरचं कुणी आलं नाही. थोड्या दिवसांनी निरोप तेवढा आला, की घरच्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली. जिवंत माणसाच्या नावानं अंघोळ करायची म्हणजे ते मेलं असं मानून मोकळं व्हायचं.

करिष्मा आणि तिचा धाकटा भाऊ सिद्धेश या घरात वाढले. आप्पांशी कन्नड, आईशी मराठी, आणि भांडायचं ज्याला जे सुचेल त्या भाषेत. करिष्मा मराठी शाळेत शिकली आणि पुढं तशाच एका शाळेत शिक्षिका झाली. कॉलेजात असतानाच ती लिहायला लागली होती. तिची एक छोटी कविता आमच्याकडं बऱ्याच जणांना पाठ आहे:

आई म्हणते, येतो गं.
आप्पा म्हणतात, बर्तेनि.
दोघं दोन भाषांत निघतात
आणि दोघंही 'येतो'च म्हणतात.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी पुण्याच्या संपादकांनी यातल्या 'येतो'चं 'येते' केलं. बाई बोलतेय म्हटल्यावर त्यांना ती चूक वाटली. करिष्मानं फोन करून सांगितलं, "सर, आमच्याकडं बायका येतो, जातोच म्हणतात. आईच्या तोंडात येते घातलं तर ती माझी आई उरणार नाही." संपादक भले होते, त्यांनी पूर्ववत केलं.

पुस्तक गाजलं. पण तिला कुठं बसवायचं हे कुणाला नीट कळेना. मराठी व्यासपीठावर तिची ओळख 'सीमाभागाची लेक' अशी करून द्यायचे आणि तिनं काही आवेशाचं म्हणावं याची वाट बघायचे. ती आप्पांच्या मागाबद्दल वाचायची. कन्नड मंडळींनी एकदा बोलावलं, तिथं एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बापाची भाषा सोडून आईचीच का धरली?" ती वही मिटून खाली उतरली. घरी येऊन रडली. आप्पा म्हणाले, "मी काय भाषा पाठवली नव्हती तुझ्याबरोबर, कविता ऐकायला बोलावलं होतं त्यांनी." एवढंच म्हणून ते मागावर बसले.

मग एके वर्षी हिवाळ्यात अक्काताईच्या गावाहून फोन आला. गावात साहित्य संमेलन भरणार होतं. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं, "मी ज्योतिबा. तुझा मामा लागतो." करिष्मानं मामाचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. गावची नात म्हणून तिचा सत्कार करायचं ठरलं होतं.

"आईलाही आणू?" तिनं विचारलं.

मामानं आधी संमेलनाची तारीख पुन्हा सांगितली. मग मामा म्हणाला, "मांडव समद्यांचाच हाय."

अक्काताईनं ट्रंकेतली शहापुरी साडी काढली. ती तम्मण्णांनीच विणलेली होती. तम्मण्णा म्हणाले, "मी येत न्हाई. माझ्यामुळं तुला कुणी बोलायला नको." दोघी बसनं गेल्या. वाटेत अक्काताई एकसारखी बोलत होती. गावातली विहीर, शाळेमागची चिंच, आईच्या हातची आंबील. करिष्मानं तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मांडवात अक्काताईला कुणी अडवलं नाही आणि कुणी ओळखही दाखवली नाही. एक म्हातारी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली आणि मग उठून दुसरीकडं जाऊन बसली. करिष्मा वर खुर्चीत होती. शाल, नारळ, फेटा झाला. मामानं माइकवर सांगितलं, "ही आपल्या गावच्या रक्ताची पोरगी." टाळ्या पडल्या. आईचं नाव त्यानं घेतलं नाही. करिष्माला उभं राहून ते नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. तिनं आईकडं पाहिलं, तर अक्काताईनं हलकेच मान हलवली. नको. आणि करिष्मानं ठरलेली कविता वाचली.

कार्यक्रम झाल्यावर पाहुण्यांचं जेवण मामाच्या घरी होतं. मामा करिष्मापाशी येऊन म्हणाला, "चल, जेवाय चल." अक्काताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडं न बघता तो पुढं चालू लागला.

"आई, मी न्हाय जात," करिष्मा म्हणाली.

"जा गं. मी हितं थांबतो." अक्काताईनं पदर सारखा केला. "माझ्या आईला बघून ये. लई थकलीया म्हणं. तिची तब्येत कशी हाय तेवढं मला येऊन सांग."

म्हणून करिष्मा गेली. आजी बाळाबाई मधल्या खोलीत खाटेवर होती. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. करिष्मा शेजारी बसली, तसं तिनं चाचपून हात धरला.

"कुणाची गं तू?"

"अक्काताईची."

"कोण अक्काताई?" म्हातारीनं हात सोडला नाही. "माझी अक्काताई गेली की गं. लगीन व्हायच्या आधीच गेली. ताप आलता तिला. निपाणीला न्हेईस्तवर अंगातली धग कमी हुईना." तिनं करिष्माच्या हातावरून हात फिरवला. "लई गुणाची होती. अजून कवा कवा रडू येतंय."

करिष्मा मामाकडं बघत राहिली. तो दारात उभा होता. त्यानं तिला बाहेर बोलावलं.

"आधी परगावच्या लोकांस्नी सांगाय म्हणून तसं सांगितलं आमी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता म्हातारीला त्येच खरं वाटतंय. आमी तरी काय करणार?"

"आई मांडवात बसलीय. तिला घेऊन येतो."

"आणून काय सांगणार हैस म्हातारीला?" मामा म्हणाला. तो रागानं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

करिष्मा न जेवताच मांडवात परत आली. खुर्च्या गोळा करणं चाललं होतं आणि अक्काताई शेवटच्या ओळीत एकटी बसली होती. खोटं सांगावं असं करिष्माच्या मनात आलं, पण आईच्या तोंडाकडं बघून तिला ते जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "चल, आत्ता चल. आवाज तर ओळखेल तुझा."

"तापानं गेलो म्हणं व्हय?" अक्काताई जराशी हसली. "ऱ्हाऊ दे. तापानं गेलेल्या लेकीसाठी रडता तरी येतंय तिला. पळून गेलेल्या लेकीसाठी तिला कुणी रडू दिलं नसतं."

"पण आई..."

"आता या वयात मी पुन्हा जित्ती होऊन समोर हुबी ऱ्हायलो, तर तिला सोसायचं न्हाय. चल. बस मिळती का बघू."

पुढचा पावसाळा संपता संपता बाळाबाई वारली. संमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा संदेश आला. मामानं निराळा फोन केला नाही. अक्काताईनं मोरीत बसून डोक्यावरून पाणी घेतलं. तम्मण्णा बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. ती लवकर बाहेर येईना, तेव्हा त्यांनी दारावर टकटक केली नाही, पाणी आणखी तापवायला ठेवलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत माग थांबले. सूत परवडेना, साडी खपेना. सिद्धेश आधीच इचलकरंजीला मागांची दुरुस्ती करायला गेला होता. त्यानं तिकडं भाड्यानं खोली घेतली आणि आईवडिलांना बोलावून घेतलं. घरचे माग भंगारवाल्यानं तुकडे करून नेले. तम्मण्णा त्या दिवशी सकाळीच अनगोळला बहिणीकडं गेले आणि सगळं आटोपल्यावर आले. करिष्मा शाळेसाठी वडगावातच राहिली. तिच्या वर्गात आता मोजकीच मुलं असतात.

तिचं दुसरं पुस्तक आलं. समीक्षकांनी लिहिलं की कवयित्री स्थलांतराकडं वळली आहे, पण आजोळ तिनं का टाळलं कळत नाही. एका मुलाखतीत हेच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते माझं नाही, आईचं आहे."

खरं तर तिनं त्या दिवसावर लिहिलं होतं. मराठीत शब्द येईनात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कन्नडमध्ये लिहिलं. गेल्या दिवाळीत ती इचलकरंजीला गेली होती. आई बाजारात गेल्यावर तिनं ती कविता आप्पांना वाचून दाखवली. तम्मण्णांनी डोळे मिटून ऐकली. लेकीची कविता त्यांनी स्वतःच्या भाषेत ऐकायची ती पहिलीच वेळ.

"पुन्हा एकदा वाच," ते कन्नडमध्ये म्हणाले.

तिनं पुन्हा वाचली. त्यांनी शेवटची ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "पण तुझी आई आहे तोवर छापू नकोस. तिच्या कानावर आली तर पुन्हा त्या मांडवात जाऊन बसेल ती."

करिष्मानं मान हलवली. थोड्या वेळानं अक्काताई भाजीची पिशवी घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिनं विचारलं, "काय झालं गं?"

"काही न्हाय," करिष्मा म्हणाली, आणि पिशवी हातात घेऊन मेथी निवडायला बसली.