संथ वाहणारं मेण

ऑफिसात त्यांना सगळे कोमटराव म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. समोर आलेला चहा त्यांनी कधी लगेच उचलला नाही, म्हणून हे नाव. आधी कपाला बाहेरून बोट लावायचं, पंखा किती जोरात फिरतोय ते बघायचं, मनातल्या मनात काहीतरी आकडेमोड करायची आणि चहा नेमका प्यायजोगा झाला की मगच कप तोंडाला लावायचा. माणूसही तसाच होता म्हणा. कुणावर तापला नाही, कुणासमोर विरघळला नाही. निदान लोकांना दिसेल असा तरी नाही.

काम त्यांचं उष्णतेच्या गणिताचं. कारखान्यांच्या टाक्या आणि पाइप कागदावर उभे करणारं ते ऑफिस. टाकी किती उंच, पाइप किती जाड हे बाकीचे ठरवत आणि आतला माल किती वेळ गरम राहील ते कोमटराव सांगत. यात एक मेख असते. पाइपातून काहीही वाहू दे, अगदी भिंतीला चिकटलेला पातळ थर जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. प्रवाह जोरात असेल तर आत घुसळण होते आणि मधली ऊब भिंतीपर्यंत पोचते. संथ असेल तर मधलं गरम मधेच राहतं आणि भिंत गार पडत जाते. दोन्हीची सूत्रं वेगळी. म्हणून प्रवाह घुसळता आहे की संथ, हे आधी तपासायचं आणि मगच सूत्राला हात घालायचा. कॉलेजातल्या पोरांनासुद्धा हे पाठ असतं. कोमटराव तर ते झोपेतही चुकले नसते, असं सगळे मानत आणि तेही मानत.

घरी ते आणि त्यांची मोठी बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणा नातेवाइकाची छाती झाली नाही, कारण ताईच्या तोंडी लागणं सोपं नव्हतं. हे दारातून आत आले की ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "आलास? हात धू. आणि ताटाला बोटं लावत बसू नकोस, जेव!" ताई गेली आणि घराची वाचाच बसली. काही दिवस ते सवयीनं मोठ्याच पातेल्यात शिजवत राहिले. मग एक छोटं पातेलं विकत आणलं. छोट्या पातेल्यातलं लवकर निवतं. आत माल थोडा, त्या मानानं हवेला लागणारी बाजू जास्त, साधा हिशेब आहे. जन्मभर त्यांनी तो लोकांना समजावला होता. एकट्यापुरतं शिजवलेलं ताटात येईपर्यंत गार होतं, हे मात्र आता कळलं. एका संध्याकाळी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ओट्याशी उभं राहून रडून घेतलं.

अशात मेणबत्त्यांच्या कारखान्याचं काम आलं. वितळलेल्या मेणाची एक मोठी टाकी आणि तिथून अंगणापलीकडच्या साच्यांच्या शेडपर्यंत उघड्यावरून जाणारा लांबलचक पाइप. दिवसा पंप जोरात चालायचा. रात्री साचे बंद, म्हणून पंप अगदी हळू ठेवायचा. मेण नुसतं पाइपातून फिरून टाकीत परत यायचं, म्हणजे कुठे गोठायला नको. कोमटरावांनी दिवसाचं गणित केलं, रात्रीचं केलं आणि काही अडचण नाही असं सही करून दिलं. कारखाना सुरू झाला आणि रोज सकाळी पाइप तुंबायला लागला.

टाकी सांभाळणाऱ्या माणसाला सगळे टाकीवालाच म्हणत. ऑफिसच्या प्रमुखांनी त्याला कोमटरावांचा नंबर दिला आणि बजावलं, की संध्याकाळी पंप हळू केला की टाकीचं तापमान यांना कळवायचं. पहिला फोन आला तेव्हा कोमटराव दचकलेच. ताई गेल्यापासून त्या वेळेला घरात काही वाजलं नव्हतं.

"साहेब, टाकी सहासष्ट."

"बरं."

"ठेवू?"

"ठेवा."

झालं एवढंच बोलणं. पण रोज फोन करायचा आणि नुसता आकडा सांगून ठेवायचा, हे टाकीवाल्याच्या स्वभावात बसेना. आकड्यामागून गुडघा आला, गुडघ्यामागून सासू आली. सासूबाई राहायला आल्या होत्या आणि टीव्हीचा रिमोट उशीखाली घेऊन झोपत होत्या. कोमटराव हसले आणि आपलंच हसणं ऐकून त्यांना चमत्कारिक वाटलं. टाकीवाला मग घरी पोचल्यावर फोन करू लागला. साहेबाचं कधी दादा झालं ते दोघांनाही कळलं नाही. मागून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, "अहो, भावोजींना विचारा की, जेवले का!"

"दादा, ही विचारतेय, जेवलात का?"

"बसतोच आहे."

आणि ते खरंच बसायचे. फोन यायच्या सुमाराला पातेलं गॅसवरून उतरेल अशा बेतानं ते स्वयंपाकाला लागायचे. ऊन ऊन घास खात पलीकडची भांडणं ऐकायचे. आता कोमटरावांना दिवसभर संध्याकाळची ओढ लागायची.

पाइप मात्र तुंबतच होता. एका दुपारी टेबलाशी बसून त्यांनी आपलं गणित पुन्हा पहिल्यापासून काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रात्रीचं गणित करताना त्यांनी दिवसाचं पान समोर ठेवून उतरवलं होतं. पंपाचा वेग बदलला, बाहेरच्या हवेचं तापमान बदललं, सगळे आकडे चोख बदलले. सूत्र तेवढं घुसळत्या प्रवाहाचं तसंच राहिलं. रात्रीचं मेण तर संथ. त्याची ऊब भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. भिंतीवर मेणाचं साल धरत होतं आणि पहाटेपर्यंत ते साल जाड होत पाइपाचा गळा आवळत होतं. उपाय दोन वाक्यांचा. रात्री पंपाचा वेग वाढवा, टाकी चार अंश जास्त ठेवा.

संध्याकाळी फोन वाजला. वाक्यं ओठांवर होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "भावोजी जेवले का?" आणि कोमटरावांनी ती दोन्ही वाक्यं गिळली. उद्या सांगू, असं ते स्वतःशी म्हणाले. पाइप चालू झाला की हा माणूस आपल्याला फोन कशाला करेल?

उद्याचा परवा झाला. वर त्यांनी टाकीवाल्याला कामंही लावली: पाइपाच्या मधल्या आधारापाशी तापमान बघा, शेडच्या दाराशी बघा. तो बिचारा बघायचा. प्रमुखांनी विचारलं, "सापडतंय का काही?" हे म्हणाले, "बघतोय." उभ्या आयुष्यात न केलेला खोटेपणा असा बिनबोभाट जमला, याची त्यांना लाज वाटत होती. रोज सकाळी टाकीवाला पाइपाला फडकी गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतत बसतो, हे त्यांना माहीत होतं. तरी संध्याकाळ झाली की ते गॅस पेटवायचे आणि फोनकडे कान लावून उभे राहायचे.

मग एके दिवशी फोनवर टाकीवाल्याची बायको होती.

"भावोजी, आज मीच सांगते. टाकी सहासष्ट. यांच्या हातावर पाणी सांडलं सकाळी. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलंय."

कोमटरावांनी गॅस बंद केला.

"मी म्हटलं, भावोजींना सांगा, लवकर काहीतरी करा म्हणावं. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, दादा जिवाचं रान करतायत, त्यांच्या डोक्याला आणखी ताप देऊ नकोस."

"वहिनी, लिहून घ्या," कोमटराव म्हणाले. त्यांनी ती दोन वाक्यं सांगितली. ती लिहून घेईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "चूक माझी होती. आणि ती मला सापडून बरेच दिवस झाले."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मग ती म्हणाली, "सांगते यांना," आणि फोन ठेवला. जेवलात का, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाइप तुंबला नाही. प्रमुखांनी कोमटरावांची पाठ थोपटली. संध्याकाळी त्यांनी नेहमीच्या वेळेला पातेलं उतरवलं. फोन वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आता आकड्याची कुणालाच गरज नव्हती. बरेच दिवस असे गेल्यावर त्यांनी स्वतःच फोन लावला.

"बोला, साहेब."

दादाचं पुन्हा साहेब झालं होतं. कोमटरावांना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"हात कसा आहे?"

"बरा आहे. नवी कातडी धरतेय."

"पाइप?"

"चालतोय की. एकदासुद्धा अडला नाही."

मागे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवा म्हणत होत्या. कोमटराव एका दमात बोलून गेले, "माझं फार चुकलं हो. मला वाटलं, पाइप चालू झाला की तुमचा फोन यायचा बंद होईल. म्हणून गप्प बसलो."

टाकीवाल्यानं आधी मागच्यांना टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग नेहमीच्याच साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, पाइपासाठी फोन करायला तो आकडा तेवढा पुरे होता. बाकीचं आम्ही काय पाइपासाठी बोलत होतो होय? पाइप नीट चालला असता, तरी मी फोन केला असता."

"हो," कोमटराव म्हणाले. "जेवून घ्या तुम्ही. ठेवतो."

ओट्यावर छोटं पातेलं उतरवून ठेवलेलं होतं. सवयीनं त्यांनी त्याला बाहेरून बोट लावलं. पार गार झालं होतं. त्यांनी ते तसंच ताटात वाढून घेतलं.