बिनछापाचा माल

आदिलाबादला काकूच्या दुकानात नवा माल आला की ती आधी त्याचा तुकडा काडीनं पेटवून बघायची आणि मग माल आणणाऱ्याला तोंडानं पेटवायची. म्हणून तिचं नाव जाळकाकू. पत्र्याखाली लावायचे, ऊन अडवणारे फोमचे बोर्ड आम्ही विकायचो, बसवूनही द्यायचो. मी तलमडुगूकडचा, नववीत शाळा सोडलेला. बसवायचं काम तिनंच हाताला धरून शिकवलं. आज घरापासून इतक्या लांब दोन घास खातो, ते तिच्यामुळं.

स्वतःच्या काडीवर मात्र तिचा भरवसा नव्हता. "मायी काडी भडका दाखवते. ऊन किती अडते, ते थोडंच सांगते?" म्हणायची. बाहेरच्या तपासणी संस्थेनं कारखान्यात जाऊन, नमुना उचलून, पारखून दिलेला छाप बोर्डावर हवाच. कोणी म्हणालं, कंपनीच खात्री देते, की उसळायची, "आपल्याच पोराले पास करनारा मास्तर मले नोको!"

एकदा नार्नूर रस्त्यावरच्या एका वसतिगृहाची ऑर्डर आली. बोर्ड आले ते कोरे. छापाच्या स्टिकरची गुंडाळी वेगळी काढून माल आणणारा विक्रेता हसत म्हणाला, "चिपका लो ना काकी, सब करते हैं." छाप कारखान्यातच लागतो, दुकानात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. काकूनं एक स्टिकर सोलला आणि त्याच्या शर्टावर थापला. "झाला तू बी पास! चाल, तुलेच लावतो पोरायच्या डोक्यावर!"

माल परत गेला. वसतिगृहाच्या ठेकेदारानं तोच दुसऱ्या दुकानातून उचलला, तिथल्या अंगणातच स्टिकर लावले आणि बोर्ड चढवले. काकू भांडली, तक्रार केली, तपासणीवाल्यांना बोलावून आणलं. बोर्ड निघाले, पण अख्खा उन्हाळा पोरं त्यांच्याखाली भाजून निघाल्यावर. एखादी ठिणगी उडाली असती तर? ठेकेदाराचा केसही वाकडा झाला नाही. काकूला माल देणं मात्र सगळ्यांनी बंद केलं. दुकान गेलं, आता ती भाजी विकते. लिहितानाही दात आवळले जातात.

मी इकडे सुरतेला आलो. परवा सुपरवायझरनं स्टिकरची तशीच एक गुंडाळी माझ्या हातात कोंबली. कोरे बोर्ड कामगारांच्या खोल्यांवर चढवायचे होते. नाही म्हटलं तर काम जाणार. काकूला फोन लावला. खरं तर, "पोटापाण्याचं हाये, लाव बापा," एवढंच तिनं म्हणावं असं वाटत होतं.

"मले काऊन इचारून राह्यला बे?" ती कडाडली. "ज्यायच्या डोक्यावर लावून राह्यला, त्यायले इचार!"

फोन बंद.

मी खोल्यांकडे गेलो. पहिल्याच दारात एक बाई लेकराला न्हाऊ घालत होती. छतावर काय चढणार आहे, ते तिला सांगायला लागलो. मुद्दाम मोठ्या आवाजात. शेजारची दारं उघडू लागली.