देवघराखालचं भोक

आई गेली त्या वर्षी दादाने आमचं गल्लीतलं घर विकायला काढलं. तिथे दुकानं होणार होती. त्या दिवसांत उज्जैनात जो तो दुकानं काढत होता. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, वय बेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. माझी सोय काय, हा प्रश्न दादा-वहिनींनी आपसांतच सोडवून टाकला: इंदूरला त्यांची मागची खोली. मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मला राग आला की मी बोलत नाही, काहीतरी करून बसते. भैरवगढच्या रस्त्याला माझा जमिनीचा एक तुकडा होता. तिथे मी जुनी बस आणून उभी केली. नव्या चकचकीत गाड्या यायला लागल्यावर देवास गेटच्या एका बसवाल्याने ती भंगारात काढली होती. चाकं काढून ती विटांच्या खांबांवर बसवली, सीटा उखडल्या, मागच्या बाजूला ओटा केला. दादा बघायला आला. पत्र्यावर बोटाने टकटक केली तर गंजाचा पोपडाच त्याच्या हातात आला. तो मला दाखवत म्हणाला, "हे काय मकान आहे का? एक पावसाळा टिकली तर नाव बदलीन. मग येशीलच आमच्याकडे."

नाही येणार, म्हटलं. तोंडातून गेलं खरं, पण त्या दिवसापासून माझं सगळं त्या पत्र्यावर अवलंबून राहिलं.

गंज काढायला मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं. आयुष्यभर त्याने बसगाड्यांचे पत्रे ठोकले होते. वरून रंग फासून उपयोग नाही, पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, मग लगेच लाल ऑक्साइड लावायचं, असं त्याचं सांगणं. दर रविवारी मी डोक्याला फडकं बांधून तारेच्या ब्रशने घासत बसायचे. नाकाकानात लाल भुकटी जायची, बोटं सोलायची. पण गंज मला लग्न का नाही केलं असं विचारत नव्हता. शेजारच्या कापड छापायच्या कारखान्यातल्या बायका कापडं वाळत घालताना माझ्याकडे बघून हसायच्या. हसू देत म्हटलं. रविवारी कोणी आपल्याकडे बघतंय, एवढंही पुरे असायचं.

बसमध्ये सगळ्यांत आधी लागलं ते देवघर. आईचा काळ्या दगडाचा महादेव आणि त्याच्यावर टांगलेलं, तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं अभिषेकपात्र. दिवसभर पिंडीवर थेंब थेंब पाणी. शेवटच्या दिवसांत आई म्हणाली होती, "धार खंडू देऊ नकोस." मी हो म्हटलं. आईला मी नेहमीच हो म्हणायचे. दोनदा चांगली स्थळं आली, तेव्हाही तिने विचारलं होतं, तू गेलीस की माझं कोण? तेव्हाही मी हो म्हणूनच घरी राहिले.

आता ते पाणी पायाखाली येऊ द्यायचं नाही, तुळशीलाच जायला हवं. जुन्या घरी त्याला अंगणापर्यंत पन्हळ होती. इथे ताम्हन ठेवावं तर मी शाळेत असताना भरून वाहायचं. मग मी मिस्त्रीकडून देवघराखाली बसच्या तळाला भोक पाडून घेतलं आणि खाली बादली ठेवली. संध्याकाळी बादली तुळशीत. सोमवारी दूध-दहीही त्याच वाटेने जायचं. आपल्या अकलेवर मी भलतीच खूश होते.

आणि खरं सांगते, भक्तीपेक्षा मला तो आवाज हवा होता. शाळेतून येऊन कुलूप काढताना आतून टप टप ऐकू यायचं. घरात कोणीतरी आहे असं वाटायचं.

चैत्र संपेपर्यंत सगळी बस स्वच्छ झाली, तो एक कोपरा सोडून. तिथला रंग पुन्हा पुन्हा फुगायचा. मी तीनदा घासला, तीनदा रंगवला. वळवाचं पाणी टपातून गळत असेल म्हणून वर चढून डांबर लावलं. पावसाला महिना राहिला तेव्हा हात टेकले आणि मिस्त्रीला बोलावलं. तो हातोडी घेऊन उताणा बसखाली सरकला. दोन ठोके ऐकू आले, तिसरा आलाच नाही. हातोडी आत गेली होती. बाहेर येऊन त्याने मूठ उघडली. तळहातावर लोखंडाचा नुसता भुगा होता.

"बहनजी, छत से एक बूँद नहीं आई," तो हळूच म्हणाला. "ये तो भगवान का पानी है. दूध-दही लोहे को खा गया."

तळाची आडवी पट्टी पोखरली होती. तसाच एक पावसाळा गेला असता तर तो कोपरा भिंतीसकट खाली बसला असता. दादाला एवढंच हवं होतं.

महादेव दोन दिवस माझ्या पलंगावर कोरडा बसला आणि मिस्त्री खाली कापत, जोडत राहिला. शेवटचा पत्रा लावण्याआधी त्याने वर तोंड करून विचारलं, "छेद रखूँ?"

पाइप घातला तर, मी विचारलं. पाइपच्या जोडालाच आधी जंग लागतो, तो म्हणाला.

"मत रखो," मी म्हटलं. "बंद कर दो."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, कुलूप काढलं. आत काही वाजत नव्हतं. मी हातपाय धुतले, पिंडीवर एक पळी पाणी घातलं आणि फडक्याने लगेच टिपून घेतलं. मग चहा केला आणि दोन कप काढले, सवयीने.

ती बस पुढे बरेच पावसाळे टिकली. दादाने नाव काही बदललं नाही. मला मात्र त्या कोरड्या संध्याकाळी, चहा निवत असताना कळलं, की आईला नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ होती. आणि ऐकायला ती नव्हती.