देवापुढची माती

प्लॉटच्या हद्दीवर पोचलं की सुभेदार शेळके आधी बूट काढायचे. फौजेतल्या सवयीने चकाकणारे बूट. मोजे आत सारायचे, पँट घोट्याच्या वर दुमडायचे आणि गिऱ्हाइकाला "थांबा हितंच" असं बजावून एकटेच जमिनीवर उतरायचे. जयपूरच्या उन्हात वाळूला हात लावायची सोय नसते, पण ते देवळाच्या सभामंडपात फिरावं तसे संथ फिरायचे. मधेच उकिडवे बसून खडे चाचपायचे, झुडपं कुठल्या अंगाला कलली आहेत ते बघायचे. निघताना मूठभर माती रुमालात बांधून घ्यायचे. "मग घ्यायचा का प्लॉट?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: "उद्या सांगतो. आज देवापुढं ठिवतो."

लोकांना वाटायचं, घरी जाऊन कौल लावत असतील. मीही एकदा विचारलं. ते हसले. "कौल कसला, साहेब! खंडोबाच्या टाकापुढं माती ठिवतो आन् जमिनीवर जे दिसलं ते मोठ्यानं बोलतो. देवापुढं बोलताना जीभ अडखळली, तर गिऱ्हाइकापुढं ती गोष्ट बोलायची न्हाई." तो टाक त्यांच्या आईने दिलेला. फौजेच्या ट्रंकेत, गणवेशाच्या घडीत गुंडाळून त्यांनी तो प्रत्येक नेमणुकीवर नेला होता. व्यवहाराचा निकाल लागला, म्हणजे होकार असो वा नकार, की ती माती अंगणातल्या तुळशीत जायची.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांच्या हातात बंदूक होती. पुण्याहून बदली होऊन मी जयपूरच्या बँकेत आलो, त्या शाखेच्या दारावर ते उभे असत. शेवटची नेमणूक इथली, मुलीची शाळा इथली, म्हणून निवृत्तीनंतर साताऱ्याला न परतता इथेच राहिलेले. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनी आधी सलाम ठोकला आणि मग विचारलं, "गाव कंचं, साहेब?"

एकदा त्यांच्या पलटणीतल्या एका हवालदाराच्या विधवेला कोणीतरी बिनरस्त्याची जमीन गळ्यात मारायला निघालं होतं. सुभेदार सुट्टी काढून बघायला गेले आणि त्यांनी तो व्यवहार मोडला. पुढे तिच्यासाठी दुसरी जागाही शोधून दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बँकेची बंदूक परत केली आणि जयपूरच्याच सोडाला भागात एका शिंप्याच्या शेजारी लहानसं दुकान घेतलं.

"सुभेदार, तुम्ही आणि दलाली?" मी चिडवलं.

"दलाल म्हणू नका. वाटाड्या म्हणा. इतकी वर्सं जमीन राखली, आता माणसं जमिनीवर बसवतो. काम त्येच हाय."

"आणि धंदा चालला नाही तर?"

"खंडोबाला सांगून ठिवलंय, भाकरीपुरतं बग. भाकरीवरचं तूप मी बगतो."

धंदा चालला. बँकेतले, विमा कंपनीतले, रेल्वेतले बदलीवर आलेले मराठी लोक त्यांच्याशिवाय जागा घेईनात. "सुभेदारांनी पाहिली का?" हा एकच प्रश्न असे. त्या प्रश्नाचाच मी उपयोग करून घेतला.

निवृत्ती जवळ आली तेव्हा माझ्या डोक्यात एक कल्पना बसली होती. आपण चार मराठी घरं शेजारी शेजारी बांधावीत, संध्याकाळी अंगणात मराठी ऐकू यावं. शहराबाहेर, बगरू गावाच्या अलीकडे एक मोठी मोकळी जमीन विकायला निघाली होती. विकणाऱ्याने मला सांगितलं, तुमची माणसं आणा, कोपऱ्याचा प्लॉट तुम्हाला फुकट. मी सुभेदारांना घेऊन गेलो.

त्यांनी बूट काढले. फिरले. मग मला एका खेजडीच्या झाडापाशी बोलावलं. खोडाच्या खाचेत, कमरेच्या उंचीवर, वाळलेल्या काड्या आणि चिंध्या अडकल्या होत्या.

"ह्या हितं कुणी आणून ठिवल्या, साहेब?"

"वाऱ्याने आल्या असतील."

"वारा काड्या अशा एका अंगाला विंचरून ठिवत न्हाई. हे पाण्याचं घर हाय. पाणी सुट्टीवर गेलंय. आज ना उद्या ड्यूटीवर हजर होणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नको." मी म्हटलं, "अहो, हे राजस्थान आहे! इथे पाणी प्यायला मिळत नाही."

त्याच आठवड्यात आदर्श नगरला आमच्यातल्या एकाच्या घरी सगळे जमले. पोहे झाले, नकाशा पसरला. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड कांबळे सगळ्यांत सावध माणूस. त्यांनी विचारलं, "कुलकर्णीसाहेब, सुभेदारांनी पाहिली का?"

"पाहिली ना," मी म्हणालो. "चांगली अनवाणी फिरून पाहिली."

सगळे हसले. कांबळ्यांचा चेहरा मोकळा झाला. माझं वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि मी ते कोपऱ्याच्या प्लॉटसाठी बोललो होतो. सुभेदार तेव्हा नात्यातल्या एका लग्नासाठी गावी गेले होते. ते परत येईपर्यंत व्यवहार होऊन गेले होते.

पहिले पावसाळे कोरडे गेले. कांबळ्यांनी सगळ्यांच्या आधी घर बांधलं, दारावर बुद्धाची कोरीव मूर्ती बसवली. मग एका वर्षी पाणी ड्यूटीवर हजर झालं. कांबळ्यांच्या घरात ते गुडघ्याच्या वर चढलं, पाया खचला, मागची भिंत बसली.

पाणी ओसरल्यावर कांबळे सोडाल्याच्या दुकानात आले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"सुभेदार," ते उभ्यानेच म्हणाले, "तुमचा देव मी मानत नाही. पण तुमचे पाय मानत होतो."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, हुकमाची वाट पाहणाऱ्या जवानासारखं पाहिलं. मी कपात बघत राहिलो. मग ते उठले आणि म्हणाले, "चला कांबळेसाहेब, भिंत बगू." पुढचे कित्येक दिवस ते तिथे फावडं घेऊन गाळ उपसत होते. लोकांनी त्याचा अर्थ लावला: अपराधी आहे, म्हणून राबतोय.

मी एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"चुकीचा रिपोर्ट ज्यानं दिला, त्यानंच दुरुस्त करायचा. दुसऱ्यानं केला तर ती चुगली हुती." मग म्हणाले, "मी हाय हितंच. करा सवडीनं."

मी सवड काढली नाही. मराठी माणसं त्यांच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली. गणपतीत ते आरतीला मागे उभे राहायचे, प्रसाद घेऊन निघून जायचे. मी दिसलो की मात्र नेहमीसारखं म्हणायचे, "काय साहेब, बरं हाय ना?" दर वेळी मला वाटायचं, आज सांगू सगळ्यांना. मग कोणीतरी हाक मारायचं आणि मी वळायचो. दुकान बंद झालं. गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. खांदा द्यायला पलटणीतले जुने लोक आले. आमच्यातला मी एकटा.

तेराव्यानंतर मी कांबळ्यांकडे गेलो. ते आता मुलाच्या भाड्याच्या घरात राहतात. सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "हे ते असताना सांगायचं होतं, साहेब. मला त्यांची माफी मागता आली असती," एवढंच बोलले. मला चहा विचारला नाही, हे बरंच झालं.

तिथून शेळकेवहिनींकडे गेलो. वहिनींना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मला देव्हाऱ्यापाशी नेलं. टाकामागे पितळेची एक वाटी होती, तिच्यात कोरडी माती.

"बगरूची," त्या म्हणाल्या. "हिचा निकाल लागला न्हाई म्हणायचे. म्हणून तुळशीत घातली न्हाई."

मी म्हटलं, "कांबळ्यांना सांगून आलोय, वहिनी."

"बाकीच्यांना?"

बाकीचे कोणी नागपूरला, कोणी नाशिकला, कोणी मुलांकडे परदेशात. त्यांच्या घरी आजही बगरूचं नाव निघालं की सुभेदाराने बुडवलं असंच म्हणतात.

वहिनींनी वाटी उचलली, पदराने तिची कड पुसली आणि परत टाकामागे ठेवली. "मग ऱ्हाऊ द्या अजून."

म्हणून हे लिहितो आहे. त्या संध्याकाळी आदर्श नगरला जे जे नकाशाभोवती बसले होते, त्यांच्यासाठी. सुभेदार शेळक्यांनी ती जमीन अनवाणी फिरून पाहिली होती. आणि नको म्हणून सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.