मंजूर यंत्रांची यादी

गुरुवार, दि. १४ मार्च. पहाटे ५.२० ला जाग. हवा कोरडी. मशीनमध्ये दोन चादरी टाकल्या. सकाळी ९.४० ला भावजींनी वायफायची मंजूर यादी लागू केली. ९.४१ ला घरातलं वायफाय बंद. धाकटीची परीक्षा दुपारी चारला.

सकाळची नोंद एवढीच आहे. शाळेत सिस्टरनी रोजनिशीची सवय लावली तेव्हा बजावलं होतं, काय घडलं ते वहीत लिही, काय वाटलं ते प्रार्थनेत सांग. त्यामुळे त्या एका मिनिटानंतर घरात जो आरडाओरडा झाला तो वहीत नाही. तो इथे सांगते. पण आधी भावजी कोण, ते सांगायला हवं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकाहत्तर. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं छाननीला होते. लोकांनी भरून आणलेले अर्ज तपासायचे आणि एखादा रकाना मोकळा दिसला की अर्ज परत करायचा, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना ‘रकानेसाहेब’ म्हणत. तो टोमणा होता, पण भावजींना ती पदवी वाटायची. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या अर्जात नवरीने ‘पूर्वीचा पत्ता’ हा रकाना सोडला होता. खिडकीतल्या सहकाऱ्याने डोळेझाक करून शिक्का उचलला, तर यांनी त्याचा हात वरच्या वर धरला. लग्न आठ दिवस पुढे गेलं. धाकटी अजून म्हणते, “त्या आठ दिवसांत मला अक्कल यायला हवी होती.”

माझे यजमान गेले तेव्हा दाखल्यावर वयाच्या रकान्यात कोणीतरी नुसती आडवी रेघ ओढली होती. भावजींनी तो दाखला तीनदा परत केला. चौथ्यांदा आणला आणि माझ्या हातात देत म्हणाले, “आता बरोबर आहे, वहिनी.” मग खुर्चीत बसले आणि रडले. तोवर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कागद पुरा झाल्याशिवाय त्यांना रडताही येत नाही.

धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. छापखान्यात सव्वीस वर्षं तिने मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवली. समोर मुद्रितशोधक छापलेल्या पानावर बोट ठेवून ऐकत बसायचे. वेळापत्रकं, कायदे, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, सगळं तिने वाचलं, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ हे शब्दही मोठ्याने उच्चारत. कधी गोष्टीची पानं यायची, पण सोळाच. पुढची सोळा दुसऱ्या टेबलावर जायची. “एक बाई विहिरीकडे पळत निघाली होती,” ती सांगते, “पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.”

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे. त्यांना घरी बसून वाचणारे आवाज हवे होते. धाकटीने कोणाला न सांगता पत्र पाठवलं आणि तिला बोलावणं आलं. परीक्षा टॅबवर, व्हिडिओ कॉलने समोरासमोर, गुरुवारी चार वाजता, वीस मिनिटं. वेळ बदलून मिळणार नाही. पुढची निवड तीन वर्षांनी. धाकटी अडुसष्टची आहे.

“तीन वर्षांनी माझे दात तरी जागेवर असतील का?” तिने विचारलं.

आमचं घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. भिंती इतक्या जाड की मोबाइलला रेंज म्हणून नाही. फोन करायचा तर फाटकापर्यंत, रस्त्याच्या गोंगाटात जावं लागतं. सगळी भिस्त वायफायवर, आणि तेच अडखळत होतं. सोमवारी आम्ही रंगीत तालीम केली. ती बैठकीत टॅब घेऊन बसली, मी आतल्या खोलीत माझा फोन. तिसऱ्या वाक्याला तिचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र तसंच थिजलं. मला वाटलं झटका आला. धावत गेले, तर बाई आपली शांतपणे वाचत होती.

“मी बघतो,” भावजी म्हणाले.

त्यांनी राउटरची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग लॅपटॉपवर आकडे आणि टिंबं असलेला पत्ता टाकला, राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड भरला, आणि राउटरचं आतलं पान उघडलं. मी शेजारीच होते. पडद्यावर नुसते रकानेच रकाने! वायफायचं नाव, पासवर्ड, वेळ, पाहुण्यांची सोय. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पहिल्यांदा पाहिला.

त्याच पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी होती. घरात यंत्रं सहा: त्यांचा लॅपटॉप, धाकटीचा टॅब, तिघांचे तीन फोन आणि वॉशिंग मशीन. ते मशीन वायफायवर काय करतं ते आम्हाला माहीत नाही, पण विकणाऱ्याने जोडून दिलं होतं. यादीत यंत्रं सतरा.

“वहिनी, अकरा अनोळखी!”

“अगंबाई, चोर?”

“चोर परवडले. हे बिनअर्जाचे आहेत.”

खरं म्हणजे धाकटी जो येईल त्याला पासवर्ड द्यायची, पाणी द्यावं तसा. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीचा तर अख्खा दवाखाना आमच्यावर चालत होता.

त्या पानावर एक सोय होती. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा स्वतःचा क्रमांक असतो. तो यादीत लिहायचा आणि ‘फक्त यादीतल्यांना प्रवेश’ असं ठरवायचं. मग बाकीचे सगळे आपोआप बाहेर. दुसऱ्या कोणी घरातले क्रमांक पाच मिनिटांत टाकले असते. भावजींनी आधी अर्जाचा नमुना केला. यंत्राचे नाव, क्रमांक, खरेदीचा दिनांक, वापराचा उद्देश, यापूर्वी नाकारले होते काय, असल्यास कारणे. जेवणाच्या टेबलावर खिडकी उघडली, वेळ अकरा ते एक.

मंगळवारी डॉक्टरीण अर्ज घेऊन खाली आली. उद्देशाच्या रकान्यात तिने ‘असंच’ लिहिलं होतं.

“परत,” भावजी म्हणाले.

“रकानेसाहेब, तुमची अक्कलदाढ मी सुट्टीच्या दिवशी काढली होती!”

“त्याबद्दल मी आभारी आहे. रकाना चार.”

माझ्या फोनचंही जमेना. खरेदीचा दिनांक माझ्या रोजनिशीत नऊ नोव्हेंबर, दुकानाच्या पावतीवर दहा. विसंगती आढळल्याने अर्ज प्रलंबित. मी म्हटलं, माझी वही चुकत नाही. ते म्हणाले, “मलाही तसंच वाटतं, पण माझ्या वाटण्याला रकाना नाही.”

धाकटीने उद्देशापुढे लिहिलं, ‘तुम्हाला माहीत आहे’. शेरा पडला: उत्तर अपुरे.

“चव्वेचाळीस वर्षं या माणसाशेजारी झोपतेय,” ती मला म्हणाली, “आणि मला विचारतो, उद्देश काय!” तिने दुसरा अर्ज भरायला साफ नकार दिला. ते म्हणाले, गुरुवारच्या आत भरेलच. ती म्हणाली, गुरुवारच्या आत मंजूर करतीलच. दोघंही हट्टाला पेटले.

एकटं वॉशिंग मशीन असं निघालं की ज्याचे कागद चोख होते. हमीपत्र, क्रमांक, तारीख, शिक्का, आणि पुस्तिकेत छापील उद्देश: कपडे धुणे. ते पहिल्याच दिवशी मंजूर झालं.

राहिला त्यांचा लॅपटॉप. त्याच्या अर्जात एकही रकाना मोकळा नव्हता. पण अर्जदार आणि मंजुरी देणारा एकच माणूस! हे कचेरीत कधी चाललं नव्हतं, घरात कसं चालणार? तो अर्ज त्यांनी ‘वरिष्ठांकडे’ असा शेरा मारून बाजूला ठेवला. वरिष्ठ कोण, हे ठरलं नव्हतं.

आणि गुरुवारी सकाळी ९.४० ला त्यांनी यादी लागू केली.

पहिलं मिनिटभर ते खूश होते. “बघा, एकही घुसखोर नाही.” मग उरलेले अर्ज निकाली काढावेत म्हणून ते पान उघडायला गेले. पान उघडेना.

“का उघडत नाही?” धाकटीने विचारलं.

“माझा लॅपटॉप यादीत नाही.”

“मग घाला की यादीत.”

“यादी त्या पानावर आहे.”

“अहो, मग यादीत आहे तरी कोण?”

भावजींनी न्हाणीघराकडे पाहिलं. तिथे निळा दिवा लुकलुकत होता. सबंध घराचं इंटरनेट एकटं वॉशिंग मशीन वापरत होतं.

“वा! परीक्षेलाही त्यालाच बसवा,” धाकटी म्हणाली. “माझ्यापेक्षा त्याचे कागद बरे आहेत.”

भावजी फाटकापाशी जाऊन कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून उभे राहिले. सोबत मी. फोनवरची बाई गोड होती.

“काका, दुसऱ्या एखाद्या मंजूर यंत्रावरून पान उघडा ना.”

“मंजूर यंत्रात चादरी आहेत,” भावजी म्हणाले.

मग तिने वायर लावायला सांगितली. त्यांच्या चपट्या लॅपटॉपला वायरीचं भोकच नाही. शेवटी ती म्हणाली, राउटरच्या पाठीमागे एक बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. सगळं पुसलं जाईल आणि राउटर नव्यासारखा होईल.

“सगळं म्हणजे?”

“तुम्ही केलेलं सगळं, काका.”

“अभिलेख नष्ट करायचा? तोंडी सूचनेवर?” त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन ते खुर्चीत बसले ते बसलेच. मी समजावलं, डॉक्टरीण ओरडली. तिचंही इंटरनेट आमच्याबरोबरच गेलं होतं. “चौतीस वर्षांत मी एक कागद फाडलेला नाही,” एवढंच त्यांचं उत्तर. मी स्वतः टाचणी उचलली, तर म्हणाले, “वहिनी, विनाअधिकार हात लावू नका,” आणि राउटर मांडीवर घेऊन बसले, मांजर घ्यावं तसा.

दुपारचे तीन वाजले. सकाळपासून तोंड सोडलेली धाकटी गप्प झाली होती. तिने सरावाची पानं गोळा केली, कडा जुळवल्या, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला. भांडली नाही. रुसलीसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, “जाऊ दे. सोळा पानांपुढे माझं कधी गेलंच नाही.”

भावजींनी ते ऐकलं. थोड्या वेळाने राउटर तसाच धरून माझ्याकडे आले.

“वहिनी, या घरात वरिष्ठ कोण?”

“वयाने मीच.”

“मग लेखी आदेश द्या.”

मी वही उघडली आणि लिहिलं: राउटरमधील सर्व नोंदी पुसून टाकण्यात याव्यात. ते खांद्यावरून वाचत होते. “कारण?” मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते जरा थांबले. मग एकेक शब्द तोलून सांगत गेले आणि मी लिहीत गेले: ‘अर्जदार बाईंचा उद्देश छाननी अधिकाऱ्यास पहिल्यापासून माहीत होता.’ मी सही केली. त्यांनी खाली वेळ टाकली, ३.४२.

टाचणी त्यांनीच दाबली. दहापर्यंत मोठ्याने मोजलं. दिवे विझले, तांबडे झाले आणि बऱ्याच वेळाने हिरवे झाले. लॅपटॉपवर नवं कोरं पान आलं: वायफायला काय नाव देणार, पासवर्ड, देश, घड्याळाची वेळ, मालकाचं नाव, दूरध्वनी, सुरक्षेचा प्रश्न, त्याचं उत्तर. घड्याळात तीन त्रेपन्न. भावजींनी पहिल्या रकान्यात बोट ठेवलं. ते दोन बोटांनी टाइप करतात.

पानाच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे नंतर भरा’.

मी ते पाहिलं. त्यांनीही पाहिलं. धाकटी दारात उभी होती, हातात टॅब.

“मला दिसत नाहीये,” त्यांनी डोळे मिटून घेतले. “वहिनी, माझं बोट त्यावर न्या.”

“आदेश लेखी आहे, भावजी. डोळे उघडून दाबा.”

त्यांनी डोळे उघडून दाबलं. आठ रकाने, आठही मोकळे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण टॅब जोडला गेला, आणि चारला एक मिनिट कमी असताना धाकटीने बैठकीचं दार लावून घेतलं.

वर डॉक्टरणीने आवाज नको म्हणून दात कोरायचं यंत्र थांबवलं. एक माणूस वीस मिनिटं तोंड उघडं ठेवून बसला होता, असं तिने नंतर सांगितलं. आम्ही दोघं दाराबाहेर. आतून गोष्ट ऐकू येत होती, आणि तिच्यात एकही स्वल्पविराम नव्हता. अगदी शेवटी मात्र तिने खणखणीत आवाजात “पूर्णविराम” म्हटलं. आतून हसण्याचा आवाज आला. भावजींनी माझा दंड घट्ट धरला.

चार पंचविसाला दार उघडलं.

“घेतलं,” धाकटी म्हणाली. “पहिलं पुस्तक कोंबड्यांच्या रोगांवरचं आहे. चारशे बारा पानं.”

“कोंबड्यांच्या?” भावजी म्हणाले.

“असू दे हो. सगळी मलाच दिलीत, शेवटच्या पानापर्यंत.”

ती चहा टाकायला गेली. भावजी तिच्या मागोमाग गेले आणि बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात नुसते उभे राहिले.

संध्याकाळची नोंद: धाकटी परीक्षेत पास. शिटीचा आवाज नको म्हणून दिवसभर कुकर लावला नव्हता. रात्री पाव आणि उकडलेली अंडी.